चाकाच्या टेपातला पाळणा

…बराबर सव्वाअकरा वाजले होते, तवापासून माझ्या जिवाला थारा न्हाई. तुम्हाला सांगते, लेकराच्या बारशाचा दिवस, आन् आमचे मालक जालन्याच्या भंगारातून ते धूड घेऊन आले. सारी टेंभुर्णी कॅसेटी वाजवून राह्यली, आन् ह्यांनी आणला जुनाट चाकाचा टेपरेकॉर्डर… ताटलीएवढी दोन चाकं, ह्या चाकावरची फीत त्या चाकावर जाती. म्हणले, बारशाचा पाळणा घरीच भरू. फीत एकच. भरा बापा. पण आमच्यात बारशाला आईनं गायचं नसतं, नुसतं नटून बसायचं. गायली कोण? मोठी जाऊ, नंदाबाई. गळा गोड हाय बाईचा. मी कुठं जळते?

पण लेकरू सहा महिन्याचं झालं तरी त्या फितीबिगर झोपंना. मी घेतलं की भोकाड, चाकं फिरली की गप. वरून मालक म्हणतेत, "वहिनीच्या आवाजात जादूच हाय." हाय ना, बिलकुल हाय. नऊ महिने पोटात आवाज ऐकला माझा, आन् ओळख जाऊबाईची? उद्या बोलाया लागलं आन् त्या पेटीलाच आई म्हणलं तर… मी कुठं जळते, काळजी वाटती एवढंच.

मंग एक दिवस मालक शेतात गेल्ते. दाबला लाल खटका, आन् जाऊबाईच्या पाळण्यावरच माझा पाळणा भरला. खालचा पुसला जातो, ठाव होतं मला. भर दुपार, गावातल्या साऱ्या मोटारी पाणी ओढून राह्यलेल्या, बल्बात नुसती लाल तार, चाकं आपली थकल्या बैलावाणी फिरायली. मला वाटलं, म्हातारं झालंय बिचारं.

संध्याकाळी मोटारी बंद, लाइट फुल्ल. टेप लावला… चाकं भिंगरीवाणी, दुपारी हळू भरलेलं आता पळत सुटलं, आन् माझा आवाज कसा? डालग्याखाली कोंबडीची पिल्लं भांडल्यावाणी. मालक हसले, सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या, लेकरू तर बोळकं उघडून हसलं. झोपायचं नाव न्हाई. आज चौथा दिवस, घरात कोणाच्या डोळ्याला डोळा न्हाई.

म्हणून म्हणते, खालच्या आळीला जाणारच असाल तर नंदाबाईला तेवढा निरोप द्या. धाकटीनं पाळणा म्हणाया बोलावलंय म्हणावं. मोटारी चालू व्हायच्या आधी या म्हणावं, चहा टाकून ठिवते. आन् पहिला पुसला कोणी असं इचारलंच, तर लेकराचं नाव सांगा… त्याला कुठं बोलता येतंय अजून.