पोटमाळ्यावरचे विरजण

हालेहून निघालेल्या बसमध्ये योरिसच्या पुढच्या बाकावर एक वृद्ध जोडपे बसले होते. बाहेर शेते धुक्यात विरघळत होती.

"अगं, तुझ्या जावयानं आपल्या बिअरच्या भट्टीच्या पोटमाळ्यावरची सगळी जळमटं झाडली! वर चुना फासला!"

"बव्हेरियाचा आहे तो. तिकडं बिअर नितळ लागते, भट्टी लखलखीत लागते."

"आपल्याला आंबट लागते! आपल्या बिअरचं विरजण त्या जळमटांत, त्या जुन्या लाकडांत होतं. आजोबांनी तिथं कधी झाडू लावला नाही!"

"चांगल्या मनानं केलं हो त्यानं."

"चांगल्या मनानं बिअर आंबते का?"

"ज्याच्या बिअरला तुम्ही जन्मभर व्हिनेगर म्हणालात, त्या ओडिलोनकडेच आता विरजणासाठी त्याच्या माळ्यावरच्या जुन्या फळ्या मागायच्या. देईल तो?"

"देईल. हसत हसत देईल, मेला! तेच तर पचत नाही!"