आलत्यानं लिहिलेली चादर

माझा जन्म पवनारचा, घरी शेती, धाम नदीवर म्हशी धुवायले मलेच पाठवत. पोरगा म्हणून वाढवलं, पण मी पोरगी हाय हे मले लहानपणीच ठाऊक होतं, अन् बाप मले मारून मारून थकला पण ते काही गेलं नाई. शेवटी वर्ध्याले निघून आली. तिथं चंदामाय भेटली, आमची गुरू, तीही माझ्यासारखीच पोरगा म्हणून वाढवलेली, चांगल्या दुकानदाराच्या घरची, पण घरच्यांनी कधीच दार लावून घेतलेलं. तिनं आधी ताटात भाकर वाढली, मग नाव विचारलं. मी म्हटलं मीना. त्याच्या आधीचं नाव तिनं शेवटपर्यंत विचारलं नाई, काय सांगू तुम्हाले.

आमचं काम बधाईचं. कोणाघरी लेकरू झालं की ढोलक घेऊन जायचं, नाचायचं, लेकराले मांडीवर घेऊन आशीर्वाद द्यायचा. लोक नाकं मुरडत, पण आशीर्वाद मात्र पाह्यजेच. चंदामायले ही गोष्ट पक्की कळली होती.

नव्वदीच्या सालांतली गोष्ट. मले असा ताप चढला की उभं राहता येईना. दवाखान्यात बायांच्या वार्डात म्हणत इथं नाई, माणसांच्या वार्डात सगळे हसत, अन् मी व्हरांड्यात फरशीवर पडून. चंदामाय घरी गेली, आपल्या अंथरुणावरची चादर ओढली, अन् पायाले लावायच्या आलत्यानं तिच्यावर लिहिलं, आम्हाले खाट द्या. ती चादर धरून तिच्या सगळ्या चेल्या दवाखान्याच्या फाटकासमोर बसल्या. हवालदार आला, म्हणे उठा, मग जरा वेळानं चहा घेऊन आला अन् हळूच म्हणे, माय, सुनेले दिवस गेले, जरा आशीर्वाद देऊन टाक ना. चंदामाय म्हणे, आधी खाट, मग आशीर्वाद. हसण्यात त्याच्या कपातला चहा चादरीवर सांडला, तो डाग अजून हाय. मग तिनं साऱ्या गावातली बधाई बंद केली. ज्यांच्या घरी नातू झाला होता असे शेठ लोक बेचैन झाले, बाई, अन् तेच दवाखान्यात जाऊन बोलले. मले बायांच्या वार्डात खिडकीजवळची खाट मिळाली. हवालदाराच्या सुनेले आशीर्वाद द्यायले चंदामाय त्याच संध्याकाळी गेली.

पुढं काही वर्षांनी चंदामाय वारली. तिचे भाऊ आले, मयत घेऊन गेले. पेपरात तिचा जुना शर्टातला फोटो, खाली घरच्यांनी ठेवलेलं पुरुषाचं नाव. आमच्यात मेलेल्याची वस्तू घरात ठेवत नाईत, नदीत सोडतात. बाकीच्या जणींनी तिची साडी, घुंगरू अन् ती चादर, सगळं बोचक्यात बांधलं. मी बोचक्यावर बसली. त्या म्हणे, उठ वं, तुझ्यापायी तिचा जीव अडकन. मी म्हटलं, भावांनी तिले कागदावरून पुसलं, आता आपण घरातूनही पुसायचं काय? आलता पाण्यात टिकते काय? मग कोण म्हणन का चंदामाय होती? लय भांडण झालं. दोघी जणी माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. पण चादर राह्यली.

आता सिंदी मेघे गावातल्या माझ्या खोलीत पेटीत ठेवली हाय, कडुलिंबाचा पाला घालून. धूत मी नाई कधीच. कॉलेजातली पोरं-पोरी येतात, खाटेवर पसरून दाखवते.

लिहा बाई, एवढं सगळं माझ्याकडून उतरवून घेतलं तर तुमच्या नातवंडांसाठी हेही लिहा. मागं एक पोरगी दुपारी एकटीच आली. चंदामायच्या भावाची लेक निघाली. घरी तिले सांगितलेलं, एक काका होते, लग्न केलं नाई, वारले. ती चादरीपुढं बसली, अक्षरांवरून बोट फिरवत राह्यली. मग म्हणे, आत्याचं अक्षर माझ्यासारखंच तिरपं आहे.

आत्या म्हणे. जाताना पाया पडली, मी डोक्यावर हात ठेवला, म्हटलं सुखी राह्यजो, पुढच्या वेळी बापालेही आणजो. ती म्हणे, बाबा येणार नाहीत.

मी म्हटलं, तर तू येत राह्यजो.