जावयाच्या गाडीवर पोपट

वासंती : अहो, पांढरी गाडी आणि पुढचे दोन्ही दिवे हिरवे! गोवर आल्यासारखे ठिपके उठलेत!

सूर्यकांत : हळू बोल. लेक-जावई झोपलेत आत.

वासंती : झोपलेत म्हणूनच तुम्ही अजून उभे आहात. काय केलंत हे?

सूर्यकांत : मी? पोपट ते. चिकूच्या वाडीतले. गेल्या साली रानशेतला एका जीपवर अख्खा थवा आदळला. पोपट उडाले, रंग राहिला. ती जीप अजून हिरवी फिरते. लोक तिला मिरच्या दाखवतात.

वासंती : आणि रानशेतच्या पोपटांना थिनरचा वास येतो का?

सूर्यकांत : काही काही जातींना येतो.

वासंती : फाटक हिरवं, बनियन हिरवं, तुमची कानाची पाळीसुद्धा हिरवी. समुद्रावरचा वारा सुटल्यावर चिकूला औषध मारायच्या पंपानं तेलाचा रंग उडवायचा, हे पोपटालासुद्धा सुचलं नसतं!

सूर्यकांत : चादर टाकली होती की गाडीवर! आखूड पडली, त्याला मी काय करू?

वासंती : कुठली चादर? ती गुलाबी? अहो, पाहुण्यांसाठी काढलेली!

सूर्यकांत : पाहुण्यांच्याच गाडीवर टाकली ना?

वासंती : पण आजच कसा उमाळा आला फाटकाचा?

सूर्यकांत : आल्या आल्या म्हणाला तो, फाटक करकरतंय. आमच्या फाटकाला नावं ठेवतो!

वासंती : पुढचं नाही ऐकलंत? ‘तेल घालून देऊ का, बाबा?’ म्हणाला. पण तुम्ही पेपरातून डोकं वर काढाल तर ना! सरकारी नोकरी नाही, वापीच्या कंपनीत आहे, म्हणून दोन वर्षांपूर्वी याच फाटकात त्याला ‘आत पाऊल टाकू नकोस’ म्हणालात. तरी आज आला, पाया पडला. पाचला निघतील. हे दिवे बघितल्यावर स्वप्ना परत येईल का या घरी?

सूर्यकांत : म्हणून तर पुसतोय. सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नलचे दिवे पुसण्यात गेली माझी. डहाणूचा लाल दिवा असा लखलखायचा, की गुजरातकडून येणारे ड्रायव्हर उदवाड्यालाच ब्रेक दाबायचे.

वासंती : आणि उदवाड्याची माणसं डहाणू समजून तिथंच उतरायची, माहितीये. बाटलीत थिनरच आहे ना?

सूर्यकांत : रॉकेल मिळत नाही आता. थिनर आहे. हा डावा पुसून झालाच बघ.

वासंती : ठिपके गेले, पण धुकं आलं.

सूर्यकांत : हवा दमट आहे.

वासंती : हवा नाही हो. मोतीबिंदू झालाय दिव्याला!

सूर्यकांत : काच आहे ती, काही होत नाही. दाढीचं ब्लेड आण. खरवडतो.

वासंती : थांबा. फाटकाची कडीपण रंगवलीत? कडी कोण रंगवतं? आता उघडायचं कसं?

सूर्यकांत : कुणाला घाई आहे?

अनिकेत : (घरातून बाहेर येत) ब्लेड नका आणू, आई. काच नाही ती. प्लॅस्टिक आहे.

सूर्यकांत : अं? उठलात, अनिकेतराव? ते काय झालं, पोपट...

अनिकेत : ऐकलं मी. खिडकी उघडीच आहे. रानशेतचे.

वासंती : सांगा की आता, किती पोपट होते ते.

अनिकेत : बाबा, ती बाटली जरा लांब ठेवा. आई, बादलीभर साबणाचं पाणी मिळेल? आधी धूळ जाऊ दे. डिकीत क्ले आहे माझ्या.

सूर्यकांत : म्हणजे माती? रंग कमी पडला म्हणून आता माती फासायची?

अनिकेत : नाही हो, मातीसारखी मऊ वडी असते. साबणपाणी भरपूर ठेवायचं आणि वडी नुसती सरकवायची. ठिपके तिला चिकटून येतात. मळली की घडी घालून स्वच्छ बाजू वर घ्यायची. घ्या, अर्धी तुम्हाला. खाली पडली तर मात्र टाकून द्या, वाळूचा एक कण लागला तरी ओरखडा उठेल.

(दोघे उजव्या दिव्यापुढे उकिडवे बसतात. साबणपाणी ओतून वडी सरकवू लागतात.)

अनिकेत : दाबू नका, बाबा.

सूर्यकांत : मला शिकवता? मी सिग्नलचे... अरे! निघतंय की!

वासंती : उदवाड्यावरून दिसेल का हा?

सूर्यकांत : तू चहा टाक. आणि हा डावा, अनिकेतराव?

अनिकेत : थिनरनं वरचा थर खाल्लाय त्याचा. वडीनं नाही जमणार. पॉलिश करून बघू, चारोटीला एकजण करतो. आज उजेड कमी पडेल, म्हणून अंधार पडायच्या आत निघायला हवं. स्वप्नाला उठवतो.

वासंती : उठवा, पण निघणार कसे? कडी ओली आहे. धरली तर हात हिरवे, आणि यांचा रंग गेला म्हणून वर्षभर ऐकावं लागेल ते वेगळंच.

अनिकेत : कडी का रंगवली, बाबा?

सूर्यकांत : ते... वाऱ्यानं उडाला असेल.

वासंती : वारा कडीच्या मागच्या बाजूनंही फिरला वाटतं. ब्रश घेऊन.

अनिकेत : उद्या रविवार आहे. सुट्टी आहे मला. सकाळपर्यंत सुकेल ना?

सूर्यकांत : सुकेल. पण सुकलं की कडीला रंगाचा दुसरा हात द्यावा लागतो.