शालनबाईंच्या हातचं औक्षण

ऐका मंडळी. देशासाठी जो मेला त्याचे उपकार आपण मानतो म्हणे. कसे मानतो? घसा बसेपर्यंत घोषणा देऊन? मग आपल्याइतकं कृतज्ञ जगात कुणी नाही. हसू नका, तुमचंच कौतुक चाललंय.

खडकमाळ नावाचं गाव. तिथले हवालदार यशवंत निकम युद्धात धारातीर्थी पडले. गावानं वेशीवर त्यांच्या नावाची कमान बांधली. दर पंधरा ऑगस्टला कमानीला हार, आणि त्यांच्या पत्नीला, शालनबाईंना, शाल. शाल देताना सगळं गाव उभं राहायचं. आणि शेजारी बारसं निघालं, की त्याच शालनबाईंना निरोप — वहिनी, बाळ पाळण्यात घालेपर्यंत जरा मागं थांबा बरं का. मान द्यायचा आणि सावली टाळायची — केवढी ही कसरत! देवालासुद्धा जमली नसती.

शालनबाई थांबायच्या. सवय झाली होती.

पुढं त्यांची एकुलती एक मुलगी वृषाली सैन्यात भरती झाली. गावाला कोण आनंद! ताशा आला, फ्लेक्स लागला. फ्लेक्सवर हवालदार कोपऱ्यात, सरपंच मधोमध. युद्धावर नक्की कोण गेलं होतं, कुणास ठाऊक.

निघायच्या दिवशी वृषाली कमानीखाली उभी राहिली. शालनबाई घरून ओवाळायचं ताट घेऊन आल्या. तर सरपंचांच्या पत्नीनं, कमलकाकूंनी, गोड हसून ते काढून घेतलं. म्हणाल्या, सवाष्णीनं ओवाळलेलं बरं, तुमच्या लेकीच्याच भल्यासाठी सांगते. लेकीच्या जिवाचं नाव काढल्यावर आई काय बोलणार? शालनबाई मागं सरल्या.

काकूंनी कुंकवात बोट बुडवलं. वृषालीनं त्यांचा हात धरला.

"काकू, बाबा शेवटचे निघाले तेव्हा त्यांना कुणी ओवाळलं होतं?"

"आम्हीच की गं. पाच सवाष्णी होतो."

"मग ते आले का परत?"

ताशा थांबला, मंडळी. 

"आई, तू ये," वृषाली म्हणाली. "तू ओवाळल्याशिवाय मी हलणार नाही. गाडी चुकली तर चुकू दे."

 भीती शालनबाईंनाही होती — गावानंच घातलेली, वर्षानुवर्षं. तरी त्या पुढं आल्या, काकूंच्या हातातलं ताट घेतलं. कुंकू लावलं, थोडं भुवईवर ओघळलं. ओवाळलं. आणि सगळं गाव आपापल्या चपलांकडे बघत राहिलं.

पोरगी सुखरूप परत आली का, हेच मनात आलं ना तुमच्या? आली. पण नसती आली, तर तो दोष गोळीचा असता, आईचा नव्हे.

कीर्तन संपलं, आता आरती. तुमच्या गावातही अशा दोघी आहेत. त्या तिथं मागं, दाराशी, चपलांच्या कडेला बसल्यात. तिथं त्यांना कुणी बसवलं, ते मी विचारत नाही. आरतीचं ताट माझ्या हातात आहे, आणि त्या दोघी पुढं येऊन ते धरेपर्यंत मी तोंड उघडणार नाही. सरका. वाट द्या त्यांना.