काकू दुपारी येतात

(संध्याकाळ. भाड्याच्या घरातली आतली खोली. पलंगावर उघडी बॅग.)

पार्लरवाली : म्हणजे ठरलंच तुझं. करारावर सह्या दोघींच्या, मुदत अजून अर्धी बाकी, आणि निघायचं मात्र तू एकटीने ठरवायचं. आधी सांगितलं असतंस तर मी काय तुला खाल्लं असतं?

नर्स : सांगणार होते. जीभ रेटली नाही.

पार्लरवाली : माझं काही चुकलं का? सकाळी मोठ्याने गाणी लावते, बेसिनमध्ये केस पडलेले असतात, कबूल.

नर्स : तुझं काही नाही गं. वरच्या काकूंमुळे चाललेय.

पार्लरवाली : मालकीणबाई? त्या तर जिन्यात भेटल्या तरी तोंडातून अक्षर काढत नाहीत.

नर्स : त्या दुपारी आपल्याकडे येतात.

पार्लरवाली : आपल्याकडे? दाराला कुलूप असतं की.

नर्स : दुसरी किल्ली आहे त्यांच्याकडे. कामावरून आले की मला उशीवर खळगा दिसायचा. चादर कोमट लागायची. आधी वाटलं, तू लवंडत असशील. तू तर पार्लरमध्ये असायचीस. मग घाबरले. एक दिवस अंगात ताप होता म्हणून ड्युटी अर्धी टाकून आले, तर काकू माझ्या पलंगावर गाढ झोपलेल्या. माझी शाल पांघरून.

पार्लरवाली : अगं बाई. उठवलंस?

नर्स : नाही. झोपलेल्या माणसाला उठवणं जिवावर येतं माझ्या. स्वयंपाकघरात बसून राहिले. थोड्या वेळाने त्या बाहेर आल्या, माझ्या कपाळाला हात लावला. म्हणाल्या, बाळा, ताप आलाय तुला. मी म्हटलं, हो, आई.

पार्लरवाली : आई?

नर्स : निघून गेलं तोंडातून. त्यांची मुलगी याच खोलीत राहायची. एका सकाळी कामावर निघाली आणि रस्त्यात गाडीने उडवलं तिला. हे मला काकांनी नंतर सांगितलं.

पार्लरवाली : खोली दाखवताना नाही बरं सांगितलं. तेव्हा नुसतं, ऊन भरपूर येतं. अगं, कुलूप बदलू आणि विषय संपवू.

नर्स : काकांकडे मी तक्रार घेऊनच गेले होते. त्यांनी हात जोडले. म्हणाले, खाली येऊन गेली की त्या दिवशी ती दोन घास खाते. येऊ दे तिला.

पार्लरवाली : आणि तू विरघळलीस.

नर्स : ड्युट्या बदलून घ्यायला लागले, दुपारी घरी असावं म्हणून. त्या माझे केस विंचरायच्या, वेणी घालायच्या. मला आवडायला लागलं ते.

पार्लरवाली : तरीच. मी म्हटलं, घरात पार्लरवाली असताना ही शाळकरी वेणी कुठून आली.

नर्स : काल वॉर्डात एका आजोबांनी माझं नाव विचारलं. मी सांगितलं. ते पुढे हाक मारायला लागले तेव्हा कळलं, मी भलतंच नाव सांगितलंय.

पार्लरवाली : कुणाचं?

नर्स : तिचं.

पार्लरवाली : ... सरक. बॅग दे इकडे. कपडे असे कोंबतात का?

नर्स : रागावली नाहीस?

पार्लरवाली : रागावलेय. घड्या घालताना रागावता येतं. आणि मीही इथे एकटी राहायची नाही, सांगून ठेवते.

नर्स : काका करारातून दोघींनाही मोकळं करायला तयार आहेत. खाली मान घालून ऐकत होते बिचारे. काकूंना आमच्या हॉस्पिटलातल्या मनाच्या डॉक्टरांकडे न्यायचंही कबूल केलंय त्यांनी. सोमवारी जाणार आहेत.

पार्लरवाली : आणि तोवर? उद्या त्या खाली आल्या आणि खोली रिकामी दिसली तर?

नर्स : आज दुपारी मी त्यांना स्वतःच सांगितलं.

पार्लरवाली : काय, मी तुमची कोणी नाही म्हणून?

नर्स : तेवढा धीर झाला नाही. नुसतं म्हटलं, आई, मी जातेय.

पार्लरवाली : रडल्या?

नर्स : नाही. माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. म्हणाल्या, या वेळी सांगून निघालीस, बरं केलंस.