गालावरचा लाल पट्टा

सिस्टर : सही करणार नाही म्हटलं ना एकदा! पेन काय नाकाशी धरताय?

डॉक्टर : एका ओळीखाली सही हवीय, सिस्टर. ‘भूल देताना मुलाच्या श्वासासाठी श्वासनलिकेत नळी घातली होती की घशात बसणारा मास्क, हे खोकल्याची नोंद करणाऱ्याला माहीत नव्हतं.’ एवढंच.

सिस्टर : मला माहीत होतं.

डॉक्टर : कसं असेल? ऑपरेशन होऊन मूल शुद्धीवर यायला इथे तुमच्याकडे येतं, तेव्हा जे घातलं असेल ते काढलेलं असतं. कोण सांगत होतं? आतला टेक्निशियन?

सिस्टर : त्या बिचाऱ्यावर घसरू नका. चिकटपट्टी सांगते. नळी असली की एका गालावर लाल पट्टा, मास्क असला की दोन्ही गालांवर. पंचवीस वर्षं पोरांची तोंडं पुसतेय मी. डोळे मिटून पुसू?

डॉक्टर : आणि हे आज सांगताय? उद्या सकाळी सगळ्या विभागासमोर निकाल मांडायचाय मला! नळीने खोकला कमी की मास्कने, त्यासाठी दोन वर्षं, एकशेवीस मुलं...

सिस्टर : दुसऱ्याच आठवड्यात सांगायला आले होते. ‘सिस्टर, तुम्ही खोकला मोजा, अक्कल आम्ही चालवतो.’ कोण म्हणालं होतं हे?

डॉक्टर : म्हणजे तो राग दोन वर्षं उराशी धरून बसलात! मास्क चांगला ठरला, माझं नाव होणार, म्हणून तुमच्या पोटात दुखतंय.

सिस्टर : जीभ सांभाळा. वैर धरलं असतं, तर आकडे तुमच्या मास्कच्या बाजूने आले असते का?

डॉक्टर : आलेत ना बाजूने? मास्कवाली मुलं कमी खोकली. मग सही करायला काय धाड भरलीय?

सिस्टर : कमी खोकली नाहीत. कमी मी लिहिलं.

डॉक्टर : काय?

सिस्टर : दर वेळी खाटेच्या पायथ्याशी येऊन उभे राहायचात. मास्कवाल्या मुलाला मी तीन लिहिले, म्हणजे सगळ्यात वाईट खोकला, की तुमचं तोंड एवढंसं व्हायचं. शिकाऊ होतात तेव्हापासून बघतेय तुम्हाला. माया आडवी आली. तीन दिसायचा, दोन लिहायचे. तान्ह्या बाळांच्या बाबतीत तर जास्त वेळा, तीच मास्कने जास्त खोकायची. लाज वाटते मला. पण आता त्या खोट्यावर सहीसुद्धा करू?

डॉक्टर : किती वेळा?

सिस्टर : मोजलं नाही. हिंमतच झाली नाही.

डॉक्टर : केसाने गळा कापलात माझा!

सिस्टर : कापला. सांगा उद्या सगळ्यांना, माझं नाव घेऊन सांगा.

डॉक्टर : कशाला? कुणाला कळणार आहे? सही करा, मीही तोंड उघडणार नाही. नाही केलीत, तर तुमची नोकरी कशी राहते ते बघतोच.

(तो कागद टेबलावर आपटतो.)

सिस्टर : बघा खुशाल. ‘यापुढे मास्कच’ असं सोमवारी फळ्यावर लिहिलंयत तुम्ही. उद्या ऑपरेशनच्या यादीत पहिलं बाळ चार महिन्यांचं आहे.

डॉक्टर : विषय बदलू नका.

सिस्टर : हाच विषय आहे. त्याला काय घालणार?

(तो टेबलावरचा कागद पुन्हा हातात घेतो.)

सिस्टर : बोला ना, डॉक्टर. काय घालणार?

डॉक्टर : नळी.