एकीला डबा, बाकीच्यांना गाळणी

...आणि नवस मीच बोलले होते हो, दुसऱ्या कुणाला नावं ठेवू? अंबामातेला म्हटलं, आई, माझ्या शलाकाला तोंडी परीक्षेत बोलतं कर, एका सवाष्णीला स्टीलचा डबा वाण देईन. तुम्हाला सांगते, पोरगी एलएल.एम.ला, आंतरराष्ट्रीय कायदा नि जागतिक अर्थव्यवस्था! घरात पोळ्या लाटता लाटता मला जिनिव्हाला, त्या जागतिक व्यापाराच्या कचेरीत नेऊन आणते, पण चार माणसं समोर बसली की तोंडाला कुलूप! सेमिनारला नुसतं पाणी पिऊन परत आली... आणि तोंडीत अशीच बसली तर वर्ष बुडालं. आम्हा उपासवाल्या बायकांना काय कळतंय, आम्ही आपला नवस बोलतो!

मग देवीला ताटकळत कशाला ठेवायचं? परीक्षेच्या आदल्या दिवशीच संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, म्हटलं आधीच देऊन टाकू. शेजारच्या इलाबेनना डबा, बाकीच्यांना चहाची गाळणी. पदराआडून हो! पण गोत्री भागातल्या आमच्या सोसायटीत पदराआड काही राहतं का?

समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या जिजाबाई कडाडल्या, "का गं, हिला डबा नि आम्हाला गाळणी? आम्ही काय कुंकू उसनं लावलंय?"

इलाबेन बिचाऱ्या, "अरे बेन, में तो माग्यो ज नथी!" मागितलाच नव्हता हो त्यांनी!

एकच गलका! आणि आतून कोण यावं? शलाका! "थांबा! जागतिक व्यापाराचा नियमच आहे, एकीला सवलत दिली की सगळ्यांना द्यायची!"

जिजाबाई सोडतात होय? "आणि शेजारधर्म गं?"

"चालतो आजी, पण तसा करार आधी सगळ्यांना माहीत हवा."

"आणि देवाधर्माचं असलं तर?"

"त्याला अपवाद आहे, पण आईनं तो लपवून वापरला!"

घ्या! पोटची पोर, भरल्या घरात, माझ्याच विरुद्ध निकाल! सगळ्यांना डबे! मी ओरडू की ओवाळू? आम्हा उपासवाल्या बायकांना काय कळतंय... डोळे मात्र भरून आले हो.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांसमोर घडाघडा बोलली. पास! म्हणते, "आई, जिजाआजींपुढे ते काहीच नव्हते गं."

म्हणून सांगते, तुमच्याही घरी कुणी असं गप्प बसत असेल ना, तर बोला नवस, खुशाल बोला. फक्त एक सवाष्ण म्हणू नका... देवी ऐकते एकीचं, पण वाण अख्ख्या सोसायटीला द्यावं लागतं!